नॅपकिनवरचे काका

"लाव पैज! मी ज्याचं चित्र काढीन तो ते बघून हसला नाही, तर भर हॉटेलात उठाबशा काढीन," मी शेजारच्या भालेकरला डिवचलं.

पुढच्या टेबलावर एक काका मिसळ खात होते. तर्रीने पोळल्यासारखं तोंड वाकडं! मी पेपर नॅपकिनवर बटाट्याएवढं नाक, कानापर्यंत गेलेलं तोंड आणि हनुवटीवर ओघळणारा रस्सा काढला. भालेकर खो खो हसला. मी चित्र काकांपुढे धरलं.

त्यांची हनुवटी पुसत काकू हळूच म्हणाल्या, "लकव्यानंतर आज पहिल्यांदाच बाहेर आलेत. लोक बघतील म्हणून येतच नव्हते."

काका चित्र बघून अर्ध्या तोंडाने हसले. "हुबेहूब!"

"जिंकलास की," भालेकर पुटपुटला.

मी उठलो आणि टेबलांच्या मधोमध कान धरून उठाबशा काढायला लागलो.