तपासणीचा पेशंट

कंडक्टरबाईनं आईला पाठीवरून दवाखान्याच्या बाकावर उतरवलं आणि समोर पाहिलं, तर स्ट्रेचरवर अँब्युलन्सचा ड्रायव्हर पसरलेला. सकाळपासून तिनं फोनवर फोन केले होते आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं होतं: गाडी आहे, पण ड्रायव्हर कामात आहे. ते काम हे होतं. पायात बूट तसेच, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि मास्कच्या आत गडी खुशाल जांभया देत होता.

"याला काय झालंय?" तिनं विचारलं.

"काही नाही हो, ताई," सिस्टर हळूच म्हणाली. "आज तपासणीला समिती येतेय. दम लागलेला पेशंट आला की आम्ही काय करतो, ते करून दाखवायचंय. हा तो पेशंट."

"आणि ही कोण मग?"

आई बाकावर दोन्ही हात टेकून बसली होती. प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जात होते. ओठ निळे पडले होते. सिस्टरनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"भरलेला सिलिंडर एकच आहे," ती म्हणाली. "तपासणी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं बजावलंय. थांबा, मोठ्या डॉक्टरांना विचारते."

मोठे डॉक्टर दारात भाड्यानं आणलेल्या कुंड्या एका ओळीत लावून घेत होते. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आजच बरा मुहूर्त मिळाला यांना! बसवा बाकावर. समिती गेली की बघतो."

दवाखान्यानं कात टाकली होती. भिंतीला टेकावं तर रंग पाठीला लागत होता. खाटांवरच्या चादरींच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या, कारण त्यांच्यावर कुणाला झोपूच दिलं नव्हतं. सगळ्या रुग्णांना सकाळीच "बरे झालात, निघा" असं सांगून वाटेला लावलं होतं. एका सकाळीत इतकी माणसं बरी करणारा दवाखाना शोधून सापडायचा नाही.

तेवढ्यात ड्रायव्हर उठून बसला. "समितीचा गावात चहा चाललाय अजून. मी जरा मोकळा होऊन येतो," असं म्हणत त्यानं मास्क काढून सिलिंडरला अडकवला आणि तो बाहेर गेला.

कंडक्टरबाईनं कुणाला काही विचारलं नाही. तिनं आईला उचललं आणि स्ट्रेचरवर ठेवलं. आई हल्ली उचलायला जड लागत नव्हती, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटायचं. सिस्टरनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. मग ओठ घट्ट मिटून तिनं मास्क चढवला आणि ऑक्सिजन सुरू केला.

आणि समिती आत आली.

"हं, करा सुरू," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी घड्याळ लावलं.

ड्रायव्हरच्या जागी म्हातारी बघून मोठ्या डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. समितीसमोर काय बोलणार? मग त्या दवाखान्यात जन्मात झालं नव्हतं ते झालं. सगळे धावले. कुणी नाडी धरली, कुणी इंजेक्शन भरलं, कुणी उशाला उशी दिली. "आजी, अजिबात घाबरू नका, आम्ही आहोत," असं मोठे डॉक्टर समितीकडे बघत म्हणाले.

अध्यक्ष वाकून निरखू लागले. "पेशंट मात्र झकास शोधलात. बाकीचे कुठलातरी धडधाकट शिपाई आणून झोपवतात. ही अगदी खरी वाटते. ओठांना काय लावलंय?"

"शाई, सर," मोठे डॉक्टर म्हणाले. "थोडीशीच."

"वा! असा बारकावा पाहिजे."

कंडक्टरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आईचे खांदे जरा खाली आले होते, म्हणून तिनं तोंड आवरलं. बघता बघता ओठांचा रंगही पालटू लागला.

"शाई जरा लवकर उतरली, तेवढं पुढच्या वेळी बघा," अध्यक्ष म्हणाले. "बाकी उत्तम. पूर्ण मार्क. झालं, आजी, उठा आता."

आई उठली नाही. मोठ्या डॉक्टरांचा हात मास्ककडे गेला तसं कंडक्टरबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"ही माझी आई आहे, साहेब. तिला नाटकं येत नाहीत. आणि ती शाई नव्हती."

आता तरी या अध्यक्षाला लाज वाटेल, असं तिला क्षणभर वाटलं. अध्यक्ष खरोखरच विचारात पडले होते.

"म्हणजे पेशंट खरीच आहे?"

"हो."

"मग पंचाईत झाली," ते मोठ्या डॉक्टरांना म्हणाले. "खऱ्या पेशंटचे मार्क आम्हाला धरता येत नाहीत. परत करून दाखवावं लागेल."

"दाखवतो की, सर! आत्ता दाखवतो!" मोठ्या डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "बाई, यांना घ्या जरा बाकावर. पाचच मिनिटं. अरे, तो ड्रायव्हर कुठं उलथला?"

ड्रायव्हर दारातच हात पुसत उभा होता. तो लगबगीनं पुढं आला. या खेपेला त्यानं बूटही काढले.

कंडक्टरबाई स्ट्रेचरला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं मागचे दांडे पकडले, आणि मागच्या बाकापासून फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"जागा नाही. मागच्या गाडीनं या."