मुनाफची पहिली कॅसेट

मुनाफच्या बँडच्या त्या पहिल्या कॅसेटचं आज केवढं कौतुक! सत्त्याऐंशी साली मांडवीतल्या माझ्या खोलीत मीच ती रेकॉर्ड केली. चौघे मान खाली घालून, पायांकडे बघत गिटारी खरवडायचे. गाणं कसलं, बर्फ फोडायच्या मशीनची घरघर!

नवी कॅसेट घ्यायची मुनाफची दानत नाही. बापाने कुवेतहून पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट आणली, तिच्यावरच वाजवलं. बाप वारून तीन वर्षं झालेली.

ऐकायला बसलो, तर घरघरीखाली बाप बोलतोय.

"नीट पुसली नाहीस, गाढवा," म्हणत मी माझी कोरी कॅसेट घातली. त्यांनी पुन्हा वाजवलं, मी पुन्हा ऐकलं.

आवाज आता अगदी स्पष्ट होता. "मुनाफ, मान वर कर. आणि त्या टेपवाल्याला सांग, हसू नको म्हणावं."

मी हसतच होतो.