नवेच दिवे पाहिजेत

मुकुंदवाडीच्या गॅरेजात मल्हारराव अडून बसले होते. गाडीचे पिवळट पडलेले दिवे घासायचे नाहीत, नवेच बसवायचे.

"चाचा, नवे कायको? मागवले तर पंधरा दिवस लागतील," सादिक मिस्त्री म्हणाला. "घासले तर आत्ता चकाचक."

"लागू दे पंधरा दिवस."

पण सोबत आलेल्या सुनेनं, योगिनीनं, होकारार्थी मान डोलावली आणि सादिकनं दिवे घासलेसुद्धा. आता वैजापूरच्या लग्नाहून अंधारात गाडी आणायची नाही म्हणायला मल्हाररावांना सबबच उरली नाही.

गेल्या महिन्यात नव्या रुंद रस्त्यावर, खांबांच्या लख्ख उजेडात, पाण्याचा टँकर उभा होता. तो मल्हाररावांना गाडी अगदी टेकायला आल्यावर दिसला. घरी त्यांनी दिव्यांचं गाऱ्हाणं सांगितलं, टँकरचं नाही. नशीब, मागं योगिनी झोपलेली होती.

योगिनीनं हात पुढं केला. "चावी द्या मामा. लायसन काढलंय मी." मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी झोपले नव्हते."

मल्हाररावांनी तिच्याकडं पाहिलं, चावी दिली, पलीकडच्या सीटवर ऐसपैस बसले आणि खिडकीतून सादिकला म्हणाले, "लई बेस घासलेस बरं का दिवे."