डावा स्क्रू

सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलला दोन कार्ब्युरेटर आहेत. दोन्हींचे स्क्रू सारखे पिळलेले नसले की ती खोकते आणि सासरे दिवसभर गॅरेजमध्ये तिच्याशी झटत बसतात. सारखे असले की ती सुरळीत चालते, मग सासरे स्वयंपाकघरात येऊन आम्हा सासू-सुनांना डबे कसे रचायचे याची अक्कल शिकवतात.

काल ती मेली गाडी अगदी सुरळीत चालली. म्हणून आज ते आंघोळीला गेल्यावर मी गुपचूप डावा स्क्रू अर्धा फेरा पिळला.

तरी पहिल्या किकला सुरू झाली, खोकलीसुद्धा नाही! सासरे शीळ घालत आत आले आणि डबे उतरवू लागले. सासूबाईंनी माझी काळी बोटं पाहिली आणि कपाळावर हात मारला.



"अगं, उजवा अर्धा फेरा मी आधीच पिळला होता! तुला कुणी सांगितलं होतं डाव्याला हात लावायला?"