फिरून तिथंच

साताऱ्यात मुलींच्या सॉफ्टबॉलची विभागीय पात्रता फेरी सुरू होती आणि राज्य स्पर्धा गाठायला सांगलीला एकच धाव हवी होती. नात संयोगिताचा खेळ पाहायला जतहून आलेल्या साळूबाईंचा जीव टांगणीला लागला होता. संयोगिताने चेंडू दूर टोलावला, बॅट टाकली आणि तिन्ही बेसना पाय लावत, धुळीत घसरत ती मूळ जागी परतली.

"येवढी पळाली, अन् फिरून हितंच?" साळूबाई हिरमुसल्या.

"अहो आजी, निघालो तिथंच सुखरूप परत पोचलो, की एक धाव. जिंकलो आपण," संघातली अबोली नाचत म्हणाली.



"मंग माझ्या बी तीन धावा धर गं," पदर खोचून नाचायला उतरत साळूबाई म्हणाल्या, "नवी नवरी असताना सासरातनं तीनदा माहेराला पळून आल्ते मी."