रॉडची गोल कड

झाकण.

"हातोडी घे आणि ठोक. निघेल," थोरला भाऊ म्हणाला. तो टेबलाकडे पाठ करून खिडकीशी बसला होता. वळून बघितलं असतं तर आपल्याला त्यात रस आहे असं दिसलं असतं.

"हो, म्हणजे फुटेल आणि तुला झोप लागेल," धाकटा म्हणाला. त्यानं वहिनीकडून केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि मॉडेल विमानाच्या मुठीएवढ्या इंजिनावर गरम हवा सोडली. आतलं सुकून चिकट झालेलं तेल पातळ झालं. मागच्या झाकणाचे स्क्रू मुकाट्यानं फिरले.

विमान काल नाकावर पडलं होतं. आज दुपारी समोरच्या मैदानावर चाचणी. विमान नीट उडालं तर क्लबात शिकवायची नोकरी धाकट्याला. ती आधी थोरल्याचीच होती, हात थरथरायला लागेपर्यंत. हत्यारं मात्र अजून त्याच्याच घरी होती. नाहीतर धाकटा या घराचा जिना चढला नसता.

लायनर.

म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी. ती घट्ट बसली होती.

"स्क्रूड्रायव्हर घालून उचक."

"आणि ओरखडा पडू दे." धाकट्यानं आइस्क्रीमची काडी घेतली, धूर जायच्या भोकातून आत घातली आणि नळी हळूच वर ढकलली. "वहिनी, बघताय ना? मोठ्या भावाची माया ऊतू चाललीय."

"मला मध्ये घेऊ नका," वहिनी म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"त्या स्पर्धेत हाच म्हणाला, वारा नाही, उडव. उडवलं. विमान पाण्याच्या टाकीवर. तेव्हापासून माझं काम सोपं झालंय. दादा उजवीकडे म्हणाला की मी डावीकडे वळतो आणि बरोबर पोचतो."

खिडकीशी पाठ हलली नाही. "मग जा की डावीकडे. माझ्या टेबलावर कशाला तडमडलास?"

पिस्टन.

त्याच्याभोवती माती होती. धाकट्यानं ती रॉकेलनं धुतली, मऊ फडक्यानं पुसली, पिस्टन लायनरमध्ये सरकवून बघितला.

"वर अडकतोय. पॉलिश पेपरनं घास," पाठ म्हणाली.

"वरच्या टोकाला अडकायलाच हवा. तूच शिकवलंस ना? का मी विसरलो असेन अशी आशा होती?"

वहिनीची घडी अर्ध्यावर थांबली. तिनं नवऱ्याच्या पाठीकडे रोखून पाहिलं.

रॉड.

पिस्टनला पुढच्या, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टशी जोडणारा, करंगळीएवढा. दोन्ही बाजूंनी बसतो. फरक एवढाच, की खालच्या भोकाची एका बाजूची कड घासून गोल केलेली असते आणि ती पुढे, शाफ्टकडे यायला हवी. उलटा बसला तरी इंजिन सुरू होतं, जोरात पळतंही. मग हवेत रॉड तुटतो आणि इंजिन आतून फाडून टाकतो.

काढताना बाजू बघून ठेवायची राहिली होती. धाकट्यानं रॉड बोटांत दोनदा फिरवला, पण गोल कड कुठे होती ते आठवेना.

झाकणाखालचं गॅस्केट, फटीतून गळू नये म्हणून घालायचा पातळ कागद, फाटलं होतं. दुसरं शोधायला त्यानं ड्रॉवर उघडला. आत नवं पाकीट होतं, न फोडलेलं, नेमकं याच इंजिनाच्या मापाचं. थोरल्यानं तर स्वतःची सगळी इंजिनं कधीच विकून टाकली होती.

"हे कुणासाठी आणलंस?"

"असेल पडलेलं. बडबड आवर. रॉडची गोल कड झाकणाच्या बाजूला ठेव, नाहीतर मोडेल."

या वेळी टेबलावरून टोमणा आला नाही. स्क्रू आवळल्याचा आवाज तेवढा आला. मग धाकटा "येतो" म्हणाला. वहिनी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली.

आवाज.

परत आली ती धुसफुसतच. भांडी आदळत राहिली. मैदानावर इंजिन सुरू झालं तेव्हा तिला राहवेना.

"लाज नाही वाटत? इतकी वर्षं बघतेय, मलाही कळतं थोडं. हातोडी काय, पॉलिश पेपर काय. सख्ख्या भावाच्या तोंडचा घास काढायचा होता?"

थोरला पहिल्यांदा वळला. तो हसत होता.

"नीट सांगितलं असतं तर त्यानं खरंच हातोडी उचलली असती. मी ठोक म्हणालो म्हणून ठोकलं नाही. एकूण एक काम बरोबर करून गेला पठ्ठ्या. ऐक, कसं चढतंय."

इंजिन एका सुरात चढत होतं. विमान झाडांच्या वर आलं, उन्हात चमकलं, अजून वर गेलं.

वहिनी हसली नाही. हातातलं भांडं तिनं सावकाश खाली ठेवलं.

"गॅस्केटचं ते रिकामं पाकीट खिशात घालून नेलं त्यानं," ती म्हणाली. "जिन्यात मला म्हणाला, वहिनी, रॉड मात्र दादानं सांगितला तसाच बसवलाय."