नाव तेवढं बदल

दादाचं दुसरं लग्न ठरलं, तेव्हा त्याच्या पहिल्या लग्नासाठी मी केलेलं वेब पेज अजून तसंच पडून होतं. "नवीन कशाला करत बसतोस? नाव तेवढं बदल," दादा म्हणाला. घरचं फुकटचं काम, त्यामुळे मीही ते घाईघाईत उरकलं.

लग्नाच्या दिवशी हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर ते पेज उघडलं आणि सगळ्या पाहुण्यांच्या माना तिकडे वळल्या. पहिल्या वहिनीचं जुनं नाव तसंच राहिलं होतं आणि नवं त्याच्यावरच चढलं होतं. दोघींची नावं एकमेकींच्या झिंज्या धरल्यासारखी गुंतली होती. दादाचं नाव मात्र दोनदा गिरवलं गेल्यामुळे आणखीच ठळक दिसत होतं.

मी धावत नव्या वहिनीकडे गेलो. "वहिनी, चूक माझीच आहे. पेजवर नावं ज्या कॅनव्हासवर उमटतात, त्यावर आधीचं पुसल्याशिवाय नवीन लिहिलं की अशी गिचमीड होते. दोन मिनिटांत पुसून टाकतो."

दादा सगळ्यांदेखत माझ्यावर कडाडला, "इंजिनिअर म्हणवतोस आणि एक साधं नाव बदलता येत नाही तुला? माणसानं बेफिकीर असावं तरी किती!"

वहिनीनं शांतपणे त्याच्या खांद्यावर हात ठेवला.



"भावोजींचं दोन मिनिटांत पुसून होईल हो. तुम्ही मात्र सकाळी लग्नाच्या रजिस्टरवर सह्या झाल्यापासून मला तिच्याच नावानं हाका मारताय."